बाबांच्या वहीतली ‘ती’

(ग्वाल्हेरहून आलेल्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या बाई ४६ वर्षांच्या. माहेर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, सासर मुरारला. वडील एजी ऑफिसातून, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापाल कार्यालयातून, निवृत्त झालेले. गेल्या पौषात हृदयविकाराच्या झटक्यानं गेले, वय ७८. दिवसकार्य आटोपल्यावर लोखंडी कपाट आवरताना तीन वह्या निघाल्या. वह्या या बाईंच्याच, शाळेतल्या. पुढच्या पानांवर सहावीचं गणित, आणि मागे उरलेल्या कोऱ्या पानांवर वडिलांच्या अक्षरात मराठी कविता. घरात कुणालाही पत्ता नव्हता. तारखा १९९१ ते २००९ पर्यंतच्या. कवितांत एक ‘ती’ आहे, कुठे सखी, कुठे नुसतीच ‘तू’. मरणाबद्दल तर पुष्कळच आहे. कधी ते पाहुणा म्हणून येतं, कधी मित्र म्हणून. एका कवितेत आरशातल्या माणसाला विचारलंय, ‘आपण कोण?’

पहिली वही आईंनी वाचली आणि बाजूला ठेवली. ‘हे माझ्यावर नाही. लग्नातला हिरवा चुडा उतरवला तो उतरवला, पुढे जन्मभर लाखेच्या लाल बांगड्या घातल्या. आणि दार रोज मीच उघडत होते.’ त्या दिवसापासून त्यांनी वडिलांच्या फोटोपुढे दिवा लावलेला नाही. वह्या नदीत सोडून द्या म्हणतात. मुलीनं उरलेल्या दोन वह्या आईला न सांगता मुरारला नेऊन ठेवल्या आहेत. भाऊ पुण्यात असतो. त्याला वर्षश्राद्धाला पुस्तक काढून सगळ्या नातेवाइकांत वाटायचंय. ‘टायपिंग तू तिकडेच करून घे, आणि भाषा जरा शुद्ध करून घेऊ, बाबांचं मराठी हिंदाळलेलं आहे,’ असं त्याचं म्हणणं.

बाईंचे प्रश्न असे: ती कोण होती, हे शोधावं का? बाबांना जगायचंच नव्हतं आणि आम्हाला ते कळलं नाही, असं तर झालं नाही ना? रोज पहाटे फूलबागेपर्यंत फिरायला जाणारे, रक्तदाबाची गोळी कधी न चुकवणारे बाबा खरे, की वहीतले? वह्यांचं करायचं काय? आणि एक वाक्य कंसात: (माझ्यावर एकही कविता नाही.)

सोबत त्यांनी दोन पानांचे फोटो पाठवले आहेत.

---

प्रिय ताई,

आधी त्या दुसऱ्या फोटोकडे जाऊ, कारण आईंना जे लागलं ते त्याच पानावर आहे. ओळी तुम्ही पत्रात उतरवून दिल्यात:

दार उघडतो मीच घराचे,
हिरवा चुडा न वाजे आता.

ओळी उतरवल्यात, खाडाखोड मात्र राहिली. फोटो मोठा करून पाहा. ‘हिरवा’ हा शब्द वर, ओळीच्या बाहेर लिहिलाय, आणि त्याच्या खाली खोडलेला शब्द ‘लाल’ आहे. अक्षरांच्या डोक्यावर पेन्सिलीनं लघु-गुरूच्या बारीक खुणा आहेत. समासात १५ लिहून त्यावर काट मारलीय आणि शेजारी १६ लिहिलंय. बाबा पादाकुलकात लिहीत होते. या वृत्तात ओळीला १६ मात्रा लागतात, आठ आणि आठ. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. ‘लाल’च्या होतात तीन, ‘हिरवा’च्या चार. ‘लाल चुडा न वाजे आता’ म्हणून पाहा, ओळ एका मात्रेनं लंगडते. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला ती तूट खुपली असणार. लाल गेलं, हिरवं आलं, बेरीज जुळली.

लगेच हुरळून जाऊ नका. एवढ्यावरून ती कविता आईंवरच आहे असं सिद्ध होत नाही, आणि मला बाबांची वकिली करायची नाहीये. पण आई ज्या एका शब्दावर अडल्या, तो शब्द तिथे आधी नव्हता, एवढं त्या पानावर स्वच्छ दिसतंय. शिवाय मराठी कवितेत हिरवा चुडा आला की तो बहुतेक वेळा लग्नाच्या बायकोचाच असतो. चोरून भेटणाऱ्या बाईला हिरवा चुडा घालणारा कवी मला तरी आठवत नाही. लाखेच्या लाल बांगड्या हे तुमच्या घरातलं, उत्तरेतलं वास्तव. हिरवा चुडा हा आपल्या कवितेतला ठरलेला दागिना.

राहिलं दार. ‘दार तर रोज मीच उघडत होते’ हे आईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण कविता घडलेल्याच गोष्टीवर लिहितात हे कुणी ठरवलं? ज्याला संध्याकाळी कडी वाजवली की आतून बांगड्यांचा आवाज ऐकायची सवय आहे, तोच माणूस एखाद्या दिवशी जिन्यात उभा राहून विचार करतो, की हा आवाज आला नाही तर? स्वतःच किल्ली लावावी लागली तर? ज्यांच्याकडे दार उघडायला मुळात कुणीच नसतं, त्यांना ही ओळ सुचणार नाही. मी असं वाचते. तुम्ही वेगळं वाचाल, आई आणखी वेगळं. पण ‘बाबांनी लिहिलं म्हणजे बाबांचं घडलं’ हा जो पाया तुम्ही तिघांनीही धरून ठेवलाय, तो मला कच्चा वाटतो.

ग्वाल्हेरच्या माणसाला याचा दाखला शोधायला गावाबाहेर जावं लागत नाही. भास्कर रामचंद्र तांबे, मुंगावलीला १८७३ साली जन्मलेले, ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी, आणि ग्वाल्हेरलाच १९४१ मध्ये गेलेले. ‘नववधू प्रिया मी बावरते’ हे त्यांचंच. म्हणजे एक बाप्या माणूस लिहितोय, ‘मी’ म्हणतोय, आणि तो ‘मी’ म्हणजे सासरी जायला लाजणारी, पुढे होऊन पुन्हा मागे फिरणारी पोर आहे. तेही वरवर. मराठी वाचकानं ते सासर म्हणजे मरणापलीकडचं घर आणि ती नवरी म्हणजे जीव, असंच वाचत आणलंय. प्रेम, मरण, सौंदर्य आणि ‘मी’ या चारही गोष्टी एकाच शालूत गुंडाळलेल्या. आता तांब्यांच्या घरच्यांनी ‘हा प्रियकर कोण?’ म्हणून चौकशी मांडली असती तर? आणि त्यांच्याही कितीतरी आधी ज्ञानेश्वरांनी विराण्या लिहिल्याच आहेत. तिथे संन्याशाचा मुलगा विरहिणी होऊन ‘घनु वाजे घुणघुणा’ म्हणतो. ‘मी’ म्हणजे लिहिणारा आणि ‘तू’ म्हणजे पलीकडच्या गल्लीतली कुणीतरी, असा सरळ हिशेब मराठी कवितेत सातशे वर्षांत लागलेला नाही. बाबा याच कविता पाठ करत मोठे झाले असणार. त्या पिढीच्या लष्करातल्या मराठी घरात तांबे हे धड्यातले कवी नव्हते, गावातले होते.

तरीही, समजा होती. कवितांमागे कधीकधी खरोखरच कुणी असतं, नाही असं नाही. समजा १९९१ साली बाबांच्या मनात कुणी होतं. ऑफिसातली, गल्लीतली, किंवा लग्नाआधी कधीतरी एकदा पाहिलेली. शोधून तुमच्या हाती काय येईल? एक नाव. ते नाव आज सत्तरीच्या पुढचं असेल, त्याला स्वतःचं घर असेल, सुना-नातवंडं असतील. तुमचा एक फोन त्या घरात जाईल आणि तिथे नवीन पत्र लिहायची वेळ कुणावर तरी येईल. ज्याला विचारायचं तो तर गेला. त्यानं काही केलं का, की फक्त मनात आणलं, की तेही नाही आणि सोळा मात्रा जमवल्या, यातलं काहीच तुम्हाला कुणी दुसरं सांगू शकणार नाही. फोन डायरी चाळणं, जुन्या सहकाऱ्यांना आडून विचारणं, हे करू नका. सरळ सांगते, नका करू.

मरणाच्या कवितांनी तुम्हाला घाबरवलंय. त्याबद्दल दोन वेगळ्या गोष्टी बोलायला हव्यात, एक तुमच्या बाबांसाठी आणि एक हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी.

‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ असं म्हणणारे तुकोबा आपल्याकडे देवघरात असतात. तांब्यांचं ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ रेडिओवर ऐकत आपण भाकरी थापल्या, डबे भरले, कुणीही घाबरून रेडिओ बंद केला नाही. आपण गेल्यावर सूर्य-चंद्र आपल्या कामाला लागतील, सोयरे डोळे पुसून आपापल्या उद्योगाला लागतील, हे त्या गाण्यात आहे. हे कुढणाऱ्याचं बोलणं वाटतं खरं. पण एवढ्या ठसक्यात, यमकं जुळवत, स्वतःच्या मरणाकडे लांबून बघायला आतून बरीच शांती लागते.  बाबांचंच पाहा. मरणाला त्यांनी मित्र म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून फूलबागेत गेले, येताना गोळीची पट्टी आणली. २००९ नंतर कविता नाहीत, आणि त्यानंतरही ते पुष्कळ वर्षं जगले, तुमच्या मुलांना शाळेतून आणलं असेल, पेन्शनच्या रांगेत उभे राहिले असतील. गोळी न चुकवणारा माणूस आणि मरणाची कविता लिहिणारा माणूस यांत कुणीही खोटं नाही. मला तर वाटतं गोळी वेळेवर घेणारी माणसंच मरणाचा विचार जास्त करतात.

तुम्ही काही चुकवलं, तुम्हाला कळायला हवं होतं, हे ओझं तुमचं नाही. निदान तुम्ही जे लिहिलंय त्यात तसं काही दिसत नाही.

पण ज्यांच्या घरात असं लिहिणारं माणूस आज जिवंत आहे, त्यांनी वरचा परिच्छेद वाचून निर्धास्त होऊ नये. कवितेकडे बघू नका, माणसाकडे बघा. झोप उडालीय का, जेवण सुटलंय का, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं चाललंय का, ‘माझा तुम्हाला भार होतो’ असं वरचेवर तोंडात येतंय का, व्यवहार घाईनं आवरते घेतले जातायत का. असं असेल तर आडून-आडून नको, शेजारी बसून थेट विचारा: ‘तुला मरावंसं वाटतंय का?’ विचारल्यानं डोक्यात कल्पना शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. सरकारची टेली मानस ही मदतवाहिनी दिवस-रात्र चालू असते, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत. घरच्यांनीही त्यावर फोन करून विचारलं तर चालतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणं म्हणजे वेडा ठरवणं, ही समजूत आपल्या मराठी घरांत अजून आहे. मध्य प्रदेशात आलो म्हणून ती सुटली असं काही नाही.

आता तुमच्या कंसाकडे येते.

एवढ्या लांब पत्रात तुम्ही ते वाक्य कंसात घातलंत, जणू कुणी विचारलंच तर म्हणता यावं की सहज लिहिलं होतं. माझ्यावर एकही कविता नाही. मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंय. ‘ती कोण’ हा आईंचा प्रश्न. तुमचा प्रश्न ‘मी का नाही’ हा आहे. तिन्ही वह्या तुम्ही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतःला शोधत वाचल्या असणार, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. कुणाचीही मुलगी हेच करेल.

‘तुम्ही इतक्या जवळ होतात म्हणून लिहिलं नाही’ असलं गोड उत्तर मी देणार नाही, कारण मला ते माहीत नाही. भावावरही नाही, ऑफिसावर नाही, ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या लूवर नाही, स्वतःच्या आईवर नाही, हे तुमच्या पत्रावरून कळतं. त्यांच्या कवितेला चार-पाचच विषय होते. काही माणसांचं तसं असतं. तीच चार भांडी आयुष्यभर घासत राहतात. पण लिहिलं कुठे, तेही बघा ना. घरात कोऱ्या वह्या आणणं त्यांना परवडत नव्हतं असं नाही. ते तुमच्या सहावीच्या गणिताच्या मागे लिहीत बसले. एजी ऑफिसचा माणूस कोरं पान वाया घालवत नाही, कोर्टात यावरून एवढंच सिद्ध होईल. घरात मात्र आणखी एक दिसतं: वही उघडली की आधी तुमचं अक्षर, तुमची चुकलेली अपूर्णांकांची बेरीज, मास्तरांची लाल रेघ, आणि ती पानं उलटल्याशिवाय त्यांना स्वतःच्या पानापर्यंत जाता येत नव्हतं. त्यांनी ती पुढची पानं फाडली नाहीत. याचा अर्थ काय तो तुम्ही लावा, मी लावत नाही.

दुसरं, जरा बोचणारं. तुम्ही लिहिलंत की मराठी घरात बोलतो पण वाचायची सवय राहिली नाही, मुलं अक्षर लावून-लावून वाचतात. हा तुमचा दोष नाही. शाळा हिंदी, बाजार हिंदी, कचेरी हिंदी. पण बाबांच्या बाजूनं बघा. पादाकुलकात लिहिलेली मराठी कविता त्या घरात दाखवायची कुणाला? मुलगा पुण्याला गेला, मुलगी मुरारला, बायको दिवसभराच्या कामानं दमलेली. लपवलं म्हणजे गुपितच होतं, असं दरवेळी नसतं. कितीदा तरी ते विचारणारं कुणी नसल्यामुळे कपाटात राहतं. हे सदर वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे वडील किंवा सासरे दुपारी एकटे काही खरडत बसतात, त्यांनी एकदा ‘काय लिहिताय, वाचून दाखवा की’ असं म्हणून बघावं. पहिल्यांदा ‘काही नाही, असंच’ असंच उत्तर येईल. दुसऱ्यांदा विचारावं.

आईंबद्दल. तुम्ही दोन वह्या उचलून नेल्यात, त्यांना त्रास होऊ नये म्हणून. हेतू चांगला, पण वह्यांवर पहिला हक्क त्यांचा आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवऱ्याच्या कपाटातलं काय वाचायचं आणि काय नाही हे त्यांचं त्यांना ठरवता येतं. परत नेऊन ठेवा. आणि नेताना सांगा की मी नेल्या होत्या. उद्या त्यांना कपाटात दोन वह्या कमी दिसल्या तर त्यांच्या डोक्यात जे येईल ते वहीतल्या कोणत्याही कवितेपेक्षा वाईट असेल.

दिवा लावायचा आग्रह करू नका. पन्नास वर्षांच्या संसारानंतर रुसायचा त्यांना अधिकार आहे, आणि रुसायला समोर माणूस नाही, म्हणून फोटो. मला त्यांच्या रागात बांगड्यांपेक्षा दुसरंच काही ऐकू येतंय: इतकं लिहीत होता आणि मला एक ओळ वाचून दाखवली नाही. याला मात्र माझ्याकडे बाबांच्या बाजूनं उत्तर नाही. वाचून दाखवायला हवी होती.

ते खाडाखोडीचं पान त्यांना दाखवा. ‘बघ, तुझ्यावरच आहे’ असं म्हणत नको. त्यांना पटवायला गेलात की त्या ऐकायचं बंद करतील. नुसतं, ‘आई, इथे खाली काय खोडलंय गं? मला नीट लागत नाही,’ असं विचारा. त्यांना त्यांच्या नवऱ्याचं अक्षर तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं लागतं. ‘लाल’ त्यांना त्यांचं त्यांना वाचू दे. आणि तारखाही त्यांच्यासोबतच लावा. कोणत्या महिन्यात घरात काय चाललं होतं, कोण आजारी होतं, कोण माहेरी गेलं होतं, हे एखाद्या आईलाच आठवतं. त्यातून काही उलगडेल किंवा नाही उलगडणार. त्यांनी वाचून पुन्हा ‘नाही, माझ्यावर नाही’ म्हटलं तर तेही मान्य करा. वाचकाला एवढा अधिकार असतो, आणि त्या या कवितांच्या सर्वांत जवळच्या वाचक आहेत.

नदीत सोडायचं म्हणतात त्यावर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश न लावता. गणिताच्या पानांसकट. गंजलेल्या पिना हळूच काढून टाका, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून शाई खाते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सुती फडक्यात गुंडाळून, भिंतीला न टेकता, वरच्या कप्प्यात ठेवा. लष्करातल्या जुन्या घरांत पावसाळ्यात वाळवी कुठून येते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. फोटो काढल्याचं आईंपासून लपवू नका. एवढं झालं की मग निर्णयाला वर्ष लागलं तरी बिघडत नाही.

भावाचं पुस्तक. त्याला वाईट ठरवू नका. लांब राहणाऱ्या मुलांना वडील गेल्यावर काहीतरी उभं करून दाखवायची घाई होते. तीही शोकाचीच तऱ्हा. पण तो एकटा हे ठरवू शकत नाही, आणि हे नुसतं भावनेचं नव्हे, कायद्याचंही आहे. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही सारख्या वाट्याच्या वारस आहात. हयातीत न छापलेल्या लेखनाचा कॉपीराइटही असाच वारसांकडे येतो, आणि असं लेखन नंतर छापलं तर तो छापल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे तिघांची संमती हवी. माझ्या मते त्यात आईंचं ‘नाही’ हे दोघांच्या ‘हो’पेक्षा जड धरावं. त्या हयात आहेत आणि पुस्तक ज्या नातेवाइकांत वाटलं जाईल त्यांच्या नजरा त्यांनाच झेलायच्या आहेत. लग्नकार्यात कुणी कुजबुजलं, ‘ती सखी कोण हो?’ तर पुण्याला ऐकू जाणार नाही, आईंना जाईल.

आणि ‘शुद्ध करून घेऊ’ याला साफ नकार द्या. पहिल्या फोटोतल्या कवितेत बाबांनी ‘उजाला’ लिहिलंय, ‘उजेड’ नाही. मात्रा मोजणाऱ्या माणसाला ‘उजेड’ माहीत नव्हता असं कुणाला वाटत असेल तर वाटो. ग्वाल्हेरचं मराठी असंच आहे, ते शनिवार पेठेत नेऊन धुवून आणलं तर बाबा त्यातून निघून जातील. तांब्यांची समग्र कविता माधव जूलियनांनी १९३५ साली संपादित केली तेव्हा तांबे हयात होते. शंका आली तर विचारायला माणूस होता. तुमच्याकडे तो नाही, तेव्हा हात लावायचा अधिकारही कमी. खाडाखोड कळेल अशी दोन-चार पानं जशीच्या तशी छापा. टायपिंग ग्वाल्हेरलाच करून घेणार असाल तर प्रूफ स्वतः वाचा. हिंदीच्या सरावातले टायपिंगवाले ‘ळ’चा ‘ल’ करतात. डोळ्यांचे ‘डोले’ होतात आणि वृत्त जागच्या जागी असूनही कविता मरते.

छापायचंच नसेल तर वर्षश्राद्धाला घरातल्या घरात वाचन करा. सात-आठ माणसं, पोहे, चहा. आईंनी निवडलेल्या तीन कविता, बास. तुमच्या मुलाला किंवा भाचीला एक वाचायला द्या, अडखळली तर अडखळू दे. मला विचाराल तर पहिल्या वर्षी एवढंच पुरे आहे.

भावाला आजच फोन करा, छापखान्याला आगाऊ रक्कम जायच्या आत. तिन्ही वह्यांचे फोटो त्याला पाठवा, तारखांच्या क्रमानं, एकही पान न गाळता. त्यानं पहिल्या वहीतल्या चारच कविता पाहिल्यात असं तुमच्याच पत्रात आहे. तोही सगळं वाचू दे, मग तिघं बसून बोला. पौषाला अजून दोन महिने आहेत. पुस्तक या पौषात नाही निघालं तर पुढच्या पौषात निघेल.